स्थलांतरित समाज आणि राजकीय प्रभाव : बेने इस्रायल, मॉरिशसमधील मराठी समाज व पॅलेस्टिनी डायस्पोरा यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

मायभूमी सोडून दुसऱ्या देशात स्थायिक झालेल्या समाजाला त्या देशाच्या राजकारणात कितपत स्थान मिळते, हा राज्यशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांना जोडणारा प्रश्न आहे. अशा समाजासाठी ‘डायस्पोरा’ ही संज्ञा वापरली जाते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बी विखुरणे असा आहे. दीर्घकाळ ही संज्ञा प्रामुख्याने ज्यू समाजासाठी वापरली जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्मेनियन, पॅलेस्टिनी, चिनी व भारतीय अशा अनेक समाजांना ती लावली जाऊ लागली. ज्या शब्दाने शतकानुशतके ज्यूंचे विखुरलेपण सांगितले, तोच शब्द १९४८ नंतर पॅलेस्टिनींसाठी वापरावा लागला, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

परदेशस्थ समाजाच्या राजकीय प्रभावाविषयी सर्वसाधारणपणे दोन समजुती आढळतात. समाज संख्येने मोठा असेल तर त्याचा प्रभाव पडतो, ही पहिली. आणि समाज सुशिक्षित व धनवान असेल तर त्याचा शब्द चालतो, ही दुसरी. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. एखाद्या देशाचे नागरिकत्वाचे कायदे व प्रतिनिधित्वाची पद्धती त्या समाजाला कशा रीतीने मोजतात, यावर त्याचा राजकीय प्रभाव प्रामुख्याने ठरतो. प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन मराठी भाषकांच्या दोन उदाहरणांच्या आधारे मांडले आहे : कोकणातून इस्रायलमध्ये गेलेला बेने इस्रायल समाज आणि मॉरिशसमधील मराठी समाज. तुलनेसाठी पॅलेस्टिनी डायस्पोराचा विचार केला असून, अखेरीस शिरूर व दौंड या तालुक्यांच्या संदर्भात या विवेचनाचा काय उपयोग होतो, याकडे लक्ष वेधले आहे.

प्रभावाचे तीन प्रकार

विवेचनाच्या सोयीसाठी राजकीय प्रभावाचे तीन प्रकार कल्पिता येतात. सत्ता, पदे, सार्वजनिक निधी व शासकीय मान्यता यांत समाजाला नियमितपणे मिळणारा हिस्सा म्हणजे ‘वाट्याचा प्रभाव’. समाजावर झालेला अन्याय वा अपमान दूर करून घेण्याची शक्ती म्हणजे ‘मानाचा प्रभाव’. समाजातील एखादी व्यक्ती मोठ्या पदावर पोहोचते तेव्हा दिसणारा तो ‘व्यक्तीचा प्रभाव’. हे तीन प्रकार नेहमी एकत्र आढळतात असे नाही. किंबहुना एक लाभला म्हणजे दुसराही लाभला असे गृहीत धरल्यामुळेच या विषयात बराच गोंधळ होतो.

बेने इस्रायल : कोकण ते इस्रायल

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले. पुढे हा समाज आजच्या रायगड जिल्ह्यातील गावोगावी पसरला. तेलाचा घाणा चालविणे हा अनेकांचा व्यवसाय होता आणि शनिवारी काम बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाई. नवगावकर, केहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांच्या मराठीपणाची साक्ष देतात. ब्रिटिश काळात हा समाज लष्कर, रेल्वे, शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत शिरला व मुंबई, पुणे, ठाणे आदी शहरांत स्थिरावला. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभे राहिले. या भूमीत धर्मावरून त्यांचा छळ झाल्याचे उदाहरण नाही. त्यांचे स्थलांतर जुलमातून घडले नव्हते. इस्रायलची स्थापना, धार्मिक ओढ व स्वातंत्र्यानंतरच्या काळात नोकऱ्यांविषयी वाटू लागलेली अनिश्चितता ही त्यामागील मुख्य कारणे होत. १९४८ च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास असलेल्या या समाजातील बहुसंख्य लोक पुढील तीन दशकांत इस्रायलमध्ये गेले.

नव्या देशात त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने नव्याने वसविलेली गावे आली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले येथे त्यांची वस्ती झाली. यांतील लोद व रामले या शहरांचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे. जुलै १९४८ मध्ये या दोन्ही शहरांतील बहुसंख्य अरब रहिवाशांना घरदार सोडून जाणे भाग पाडण्यात आले. त्यानंतर तेथे निरनिराळ्या देशांतून आलेले ज्यू स्थलांतरित वसविण्यात आले. अशा रीतीने कोकणातून निघालेली मराठी भाषक कुटुंबे ज्या शहरांत स्थिरावली, त्याच शहरांतून निघालेली पॅलेस्टिनी कुटुंबे जॉर्डन व इतर देशांत निर्वासित झाली. एकाच शहराच्या इतिहासात दोन समाजांच्या स्थलांतराचे धागे असे गुंतलेले आहेत. त्यामुळे या दोन समाजांचा एकत्र विचार करणे सयुक्तिक ठरते.

प्रारंभीचा काळ बेने इस्रायल समाजास कठीण गेला. नोकरी, घरे व वागणूक यांबाबत वर्णावरून भेदभाव होतो, अशी त्यांची तक्रार होती. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातील एका गटाने धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि शंभराहून अधिक लोकांना भारतात परत आणण्यात आले. त्यांतील बरेचसे पुढे पुन्हा इस्रायलला गेले. या आंदोलनातून काही कुटुंबांचा प्रश्न तेवढा सुटला. समाजाचे स्थान मात्र बदलले नाही.

विवाहाचा प्रश्न व १९६४ चे आंदोलन

खरा संघर्ष विवाहाच्या प्रश्नावरून उद्भवला. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही. १९५३ च्या कायद्यानुसार ज्यूंचे विवाह व घटस्फोट हे रब्बींच्या धार्मिक न्यायालयांच्या अधिकारकक्षेत येतात. बेने इस्रायल समाज शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिला होता. त्यामुळे त्यांच्यातील घटस्फोट व पुनर्विवाह धर्मशास्त्राच्या नियमानुसार झाले होते काय, अशी शंका काही रब्बी घेत असत व त्यांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार देत. १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने असे विवाह तत्त्वतः मान्य केले. परंतु मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या काळात १९६२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनी बेने इस्रायल वधू-वरांच्या मागील पिढ्यांची चौकशी बंधनकारक केली. या सूचनांत एका समाजाचा नावानिशी उल्लेख होता. इतर कोणत्याही देशातून आलेल्या ज्यूंवर अशी सरसकट अट नव्हती.

या सूचनेचा अर्थ समाजाने अचूक ओळखला. वरकरणी हा विवाहविधीचा तांत्रिक प्रश्न होता. प्रत्यक्षात ‘तुम्ही खरे ज्यू आहात काय?’ असा प्रश्न संपूर्ण समाजाला विचारला जात होता. ज्या ओळखीसाठी त्यांनी कोकण सोडले, तिचाच पुरावा त्यांच्याकडे मागितला जात होता. निषेधाच्या सभा व निवेदने यांनी काही साधेना, तेव्हा १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातील बेने इस्रायल कुटुंबे जेरुसलेममध्ये जमली व त्यांनी धरणे धरले. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला क्नेसेटमध्ये या प्रश्नाची चर्चा घ्यावी लागली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू असून व्यक्तिगत कायद्याच्या बाबतीतही त्यांचे हक्क इतर ज्यूंसारखेच आहेत, अशी भूमिका तेथे स्पष्ट करण्यात आली. त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्य रब्बी मंडळाने सूचनांतील ‘बेने इस्रायल’ हा नामोल्लेख काढून टाकला.

काही हजारांच्या समाजाने सरकार व धर्मपीठ यांना भूमिका बदलण्यास भाग पाडले, हे कसे घडले? तत्कालीन सत्ताधारी आघाडीत धार्मिक पक्षाचा समावेश होता. म्हणजे संसदीय गणित समाजाच्या विरुद्धच होते. मग बळ कोठून आले? याचे उत्तर इस्रायल राज्याच्या अधिष्ठानात सापडते. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातील प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला होता. सर्व ज्यूंचे एकच राष्ट्र हा त्या राज्याचा मूळ दावा होता. एका ज्यू समाजाला वेगळे काढणे म्हणजे तो दावा स्वतःच खोडून काढणे होते. आंदोलनकर्त्यांनी नेमके हेच वर्म पकडले. त्यांनी सवलत मागितली नाही. राज्याने स्वतः दिलेला शब्द पाळावा, एवढेच सांगितले. पुढे १९८५ मध्ये इथिओपियातून आलेल्या ज्यूंनीही अशाच स्वरूपाच्या धार्मिक अटींविरुद्ध जेरुसलेममध्ये दीर्घ धरणे धरले. यावरून या मार्गाची परिणामकारकता व मर्यादा दोन्ही कळतात : एका समाजाचा विजय दुसऱ्या समाजाला आपोआप लागू झाला नव्हता.

मान मिळाला, वाटा नाही

१९६४ च्या विजयानंतर बेने इस्रायल समाजाचा राजकीय प्रभाव वाढत गेला काय? तसे झालेले दिसत नाही. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू असल्याचा अंदाज भारतीय वकिलातीने दिलेला आहे. त्यांत बेने इस्रायल बहुसंख्य आहेत. क्नेसेटची निवडणूक मात्र संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ मानून प्रमाणशीर पद्धतीने होते. २०१४ पासून पक्षाला प्रवेशासाठी किमान ३.२५ टक्के मते आवश्यक आहेत. २०२२ च्या निवडणुकीतील वैध मतांचा विचार केला, तर ही संख्या दीड लाखांच्या वर जाते. म्हणजे भारतीय वंशाच्या सर्व मतदारांनी एकमुखाने मतदान केले, तरी त्यांचा स्वतंत्र पक्ष क्नेसेटमध्ये पोहोचू शकत नाही. दिमोना किंवा लोदमध्ये समाज एकत्रित राहतो, याचाही राष्ट्रीय निवडणुकीत उपयोग होत नाही. मतदारसंघच नसल्यामुळे वस्तीच्या केंद्रीकरणाला तेथे मोल नाही.

मुंबईत जन्मलेले एली बेन-मेनाहेम हे मजूर पक्षातर्फे क्नेसेटचे सदस्य झाले होते. परंतु पक्षाच्या यादीतून निवडून येणारा सदस्य प्रथम पक्षाला उत्तरदायी असतो, समाजाला नंतर. भारतीय ज्यूंच्या संघटना, सणसमारंभ व ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक यांनी सांस्कृतिक जीवन टिकवून धरले आहे. राजकीय वाटा मात्र त्यातून निर्माण झालेला नाही.

मायदेशाच्या संदर्भातही हीच गोष्ट जाणवते. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. त्यामुळे १९६४ च्या आंदोलनाच्या वेळी या समाजाच्या पाठीशी तेथे भारताचा राजदूत नव्हता. जुलै २०१७ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेल अवीव येथे भारतीय समुदायासमोर, सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या इस्रायली नागरिकांनाही परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड मिळेल, अशी घोषणा केली. दोन राज्यांचे संबंध सुधारल्यावरच या समाजाची दीर्घकालीन अडचण ऐरणीवर आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात हा समाज अवघा काही हजार उरला होता.

मॉरिशस : मोजणीतून मिळालेला वाटा

मॉरिशसमध्ये याच्या नेमकी उलट स्थिती आढळते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपुष्टात येत असताना, १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख मजूर या बेटावर उतरले. बहुसंख्य मजूर कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषकांचा भरणा होता. आजही मराठी समाज तेथील लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपासच आहे. असे असूनही गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी आहे, शासकीय प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय शिकविला जातो, महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे आणि कायद्याने स्थापन झालेल्या भाषिक संघांमध्ये मराठी भाषी संघही आहे. मंत्रिमंडळ बनविताना हिंदी भाषकांबरोबर तमिळ, तेलुगू व मराठी समाजांनाही स्थान असावे, हा तेथील रूढ संकेत आहे. दुसरी जागतिक मराठी परिषदही १९९१ मध्ये मॉरिशसमध्येच भरली होती.

हे कशामुळे शक्य झाले? १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालेल्या मॉरिशसच्या राज्यघटनेत याचे उत्तर मिळते. तेथे मुख्य बेटावर वीस मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन प्रतिनिधी निवडले जातात, तर रॉड्रिग्ज बेटावरून दोन. या ६२ जागांव्यतिरिक्त पराभूत उमेदवारांपैकी कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतील आठ जणांपर्यंत सदस्यांना संसदेत घेण्याची तरतूद करण्यात आली. त्यासाठी घटनेने हिंदू, मुस्लिम, चिनी व उर्वरित सर्वसाधारण लोकसंख्या असे चार समाज कल्पिले. मराठी समाजाचा स्वतंत्र उल्लेख त्यांत नाही. तो हिंदूंमध्ये मोडतो. तथापि समाजांची मोजदाद हेच राजकारणाचे व्याकरण ठरल्यावर पक्षही त्याच भाषेत विचार करू लागले. तीन उमेदवार उभे करायचे असल्याने प्रत्येक पक्ष आपली यादी समाजनिहाय समतोल ठेवतो. विजय-पराजयाचे अंतर थोडे असलेल्या आघाडीच्या राजकारणात दोन टक्क्यांच्या समाजाला दुखावणे कोणासही परवडत नाही. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकुराचा क्रम हिंदीच्या खाली गेला, तेव्हा तमिळ समाजाच्या निषेधामुळे त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. लहान समाजाचा शब्द तेथे किती वजनदार ठरतो, हे या घटनेवरून कळून येते.

या व्यवस्थेची किंमतही आहे. १९७२ नंतरच्या जनगणनांत समाजनिहाय नोंद बंद झाली, परंतु राखीव जागांचे गणित त्याच जुन्या आकड्यांवर चालू राहिले. उमेदवाराने आपला समाज जाहीर केलाच पाहिजे, या अटीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये प्रतिकूल मत दिले व २०१४ च्या निवडणुकीपुरती ती अट शिथिल करण्यात आली. शिवाय नव्या पिढीची घरातील भाषा क्रिओल झाली आहे. मराठी शिकविली जाते, सणांत ऐकू येते, परंतु रोजच्या व्यवहारातून ती मागे सरली आहे. म्हणजे वाटा पूर्वजांच्या नावाने टिकला आहे, पण पूर्वजांची भाषा क्षीण होत आहे. वाट्याचा प्रभाव हा समाजाच्या चैतन्याचा पुरावा असतोच असे नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

पॅलेस्टिनी डायस्पोरा : नागरिकत्वाचा निर्णायक भेद

पॅलेस्टिनी समाजाच्या अनुभवाने वरील विवेचनाला बळकटी मिळते. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी विस्थापित झाले. १९५० पासून कार्यरत असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे आज नोंद असलेल्या निर्वासितांची व त्यांच्या वंशजांची संख्या ५९ लाखांच्या आसपास आहे. समाज एकच, विस्थापनाचे कारण एकच; तरीही देशागणिक त्यांचे राजकीय स्थान भिन्न आहे.

जॉर्डनने त्यांच्यापैकी बहुतेकांना नागरिकत्व दिले. तेथे पॅलेस्टिनी वंशाचे लोक संसदेत, मंत्रिमंडळात व उद्योगधंद्यांत आढळतात. मात्र त्यांची वस्ती असलेल्या शहरी भागांना लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्याने त्यांचा वाटा आखडला. लेबनॉनने नागरिकत्व नाकारले व अनेक व्यवसायही बंद ठेवले. मतपेटीचा मार्ग खुला नसल्यामुळे तेथील प्रभाव छावण्या व सशस्त्र संघटना यांच्या द्वारे व्यक्त झाला. १९६९ च्या कैरो कराराने त्याला एक प्रकारची मान्यता मिळाली व १९८२ मध्ये पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला बैरूत सोडावे लागल्यावर तो ओसरला. कुवेतचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. शिक्षक, अभियंते, डॉक्टर, अधिकारी म्हणून त्यांनी त्या देशाच्या उभारणीस हातभार लावला होता. परंतु ते नागरिक नव्हते. इराकी आक्रमणाच्या वेळी पॅलेस्टिनी नेतृत्वाने घेतलेल्या भूमिकेचे निमित्त होऊन १९९१ नंतर त्यांतील अगदी थोडे लोक तेथे उरले. शिक्षण व संपत्ती असूनही नागरिकत्व नसेल, तर समाजाचे पाय कसे अधांतरी राहतात, याचे हे उदाहरण होय.

याउलट लॅटिन अमेरिकेत बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूर या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गेलेल्या ख्रिस्ती पॅलेस्टिनी कुटुंबांना नागरिकत्व व मताधिकार मिळाला. ऑटोमन साम्राज्याच्या पारपत्रावर आल्यामुळे त्यांना हेटाळणीने ‘तुर्क’ म्हटले जाई. फेरीवाल्यापासून कापडगिरणीपर्यंत त्यांनी मजल मारली. चिलीमध्ये हा समाज तीन ते पाच लाखांच्या दरम्यान असल्याचे अंदाज आहेत व अरब जगताबाहेरील तो सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समाज मानला जातो. १९२० मध्ये स्थापन झालेला ‘पॅलेस्टिनो’ हा फुटबॉल क्लब त्याच्या ओळखीचे केंद्र आहे. सर्व पक्षांत विखुरलेल्या पॅलेस्टिनी वंशाच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत पक्षनिरपेक्ष गट चालविला आणि जानेवारी २०११ मध्ये चिलीने पॅलेस्टाईन राज्याला मान्यता दिली. एका पक्षात न सामावता अनेक पक्षांत राहिल्यामुळेच त्यांच्या मागणीला पक्षीय विरोध झाला नाही, असे म्हणता येईल.

व्यक्तीचा प्रभाव व त्याच्या मर्यादा

मूळच्या मालवण तालुक्यातील वराड गावच्या डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर हे २०१७ ते २०२० व पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते. गोव्याशी पितृवंशाने जोडलेले अंतोनियो कोस्ता २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते. ही निवड मराठी वा गोमंतकीय मतांच्या बळावर झाली नव्हती. अशा वेळी अभिमान मायदेशी वाटतो. निर्णय मात्र स्वीकारलेल्या देशाच्या राजकारणानुसार होतात.

अल् साल्वाडोरच्या २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील दोन्ही प्रमुख प्रतिस्पर्धी, उजव्या पक्षाचे अंतोनियो साका व डाव्या आघाडीचे शाफिक हांदाल, पॅलेस्टिनी वंशाचे होते. वंश एक असूनही राजकारण दोन टोकांचे होते. २०१९ मध्ये त्याच देशाचे अध्यक्ष झालेले नायिब बुकेले यांचे पितृवंशीय पूर्वजही पॅलेस्टिनी, परंतु त्यांची भूमिका इस्रायलला अनुकूल राहिली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट परिसरात याचे आणखी एक उदाहरण मिळते. चिकोडीत जन्मलेले व बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ च्या निवडणुकीत तेथून प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तर लगतच्या मतदारसंघातून पॅलेस्टिनी स्थलांतरितांची कन्या रशिदा तलैब यांची निवड झाली. तलैब यांच्यामागे त्या भागातील संघटित अरब मतदार आहेत. ठाणेदारांच्या मतदारसंघात मराठी मतदारांची संख्या नगण्य असून त्यांच्या प्रचारात स्वतःच्या संपत्तीचा मोठा वाटा होता. पहिल्या उदाहरणात व्यक्तीच्या पदामागे समाज आहे. दुसऱ्यात व्यक्तीचे यश तिच्यापुरते आहे. दोहोंना ‘डायस्पोराचा प्रभाव’ असे एकच नाव देणे योग्य ठरत नाही.

शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

हा विषय केवळ परदेशापुरता मर्यादित नाही. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे शिरूर व दौंड तालुक्यांत मराठवाडा, विदर्भ तसेच उत्तर भारतातून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात. पानशेत व वरसगाव धरणांमुळे उठलेली काही कुटुंबे दौंड तालुक्यात वसविण्यात आली. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजूर येतात व हंगाम संपताच परत जातात. हे सर्व भारताचे नागरिकच आहेत. त्यामुळे त्यांची पॅलेस्टिनी निर्वासितांशी सरसकट तुलना करणे चुकीचे ठरेल. परंतु ‘मोजणी’चा प्रश्न येथेही तितकाच खरा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदाराची नोंद तो जेथे ‘सर्वसाधारण रहिवासी’ असेल तेथे होते. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार वर्षानुवर्षे येथे राहूनही बहुधा गावाकडचाच मतदार राहतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेले विधानसभेचे मतदान गळीत हंगामाच्या तोंडावर आले. अशा वेळी ऊसतोड मजुराला मजुरी व मत यांपैकी एकाची निवड करावी लागते. ज्याचे मत येथे नाही, त्याच्या वस्तीतील पाणी, शाळा व दवाखाना यांचा आग्रह ग्रामपंचायतीत कोण धरणार? धरणग्रस्तांची नोंद मात्र नव्या गावठाणात झाल्यामुळे त्यांना निदान ग्रामसभेत बोलण्याचा अधिकार तरी मिळाला.

नियम बदलताच वाटा कसा नाहीसा होतो, याचे उदाहरणही दूर शोधावे लागत नाही. रेल्वे वसाहतींशी अँग्लो-इंडियन समाजाचे जुने नाते आहे व दौंड हे महत्त्वाचे रेल्वे जंक्शन आहे. या समाजाला राज्यघटनेच्या कलम ३३१ व ३३३ अन्वये लोकसभा व विधानसभांत नामनिर्देशनाने प्रतिनिधित्व मिळत होते. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून ते संपुष्टात आले. समाज तोच राहिला. त्याला मोजण्याची रीत बदलली.

निष्कर्ष

१. स्थलांतरित समाजाच्या राजकीय प्रभावाची पहिली अट नागरिकत्व ही होय. कुवेत व लेबनॉन येथील पॅलेस्टिनींच्या अनुभवावरून शिक्षण, संपत्ती किंवा संघटन हे नागरिकत्वाला पर्याय ठरत नाहीत, असे दिसते.

२. नागरिकत्व मिळाल्यानंतर प्रभावाचे स्वरूप प्रतिनिधित्वाच्या पद्धतीवर अवलंबून राहते. मॉरिशसच्या बहुसदस्य मतदारसंघांत दोन टक्क्यांच्या मराठी समाजाला वाटा मिळाला. इस्रायलच्या एकसंध मतदारसंघात बेने इस्रायल समाजाला तो मिळू शकला नाही.

३. वाटा नसतानाही मानाचा प्रश्न जिंकता येतो. १९६४ च्या आंदोलनाचे यश राज्याच्या स्वतःच्या घोषित तत्त्वाचा आधार घेण्यात होते. लहान समाजाच्या हाती असणारे हे सर्वांत परिणामकारक साधन होय.

४. वंश व धोरण यांचा थेट संबंध लावता येत नाही. व्यक्तीचे यश हे समाजाच्या प्रभावाचे माप मानण्यापूर्वी त्या व्यक्तीला कोणी निवडून दिले, हे पाहणे आवश्यक आहे.

५. लोद शहराचा इतिहास सांगतो की एका समाजाचे स्थिरावणे हे दुसऱ्याच्या विस्थापनाशी जोडलेले असू शकते. त्यामुळे डायस्पोराचा अभ्यास केवळ यशोगाथांच्या स्वरूपात करणे अपूर्ण ठरते.

राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र व भाषा या विभागांतील अध्यापकांना या विषयाचे अध्यापन आपल्या परिसरापासून सुरू करता येईल. महाविद्यालयाभोवतीच्या वस्त्यांत दहा वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांपैकी किती जणांची नावे स्थानिक मतदार यादीत आहेत, एवढी एक पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तरी नागरिकत्व, प्रतिनिधित्व व प्रभाव या तीन संकल्पनांतील अंतर त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक स्पष्टपणे उमगेल, आणि ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांची नोंदणी करण्याचे कामही त्यातूनच पुढे येईल.